सांगितले ते पोचले काय?

श्रीगीतेचा अठरावा अध्याय संपत आलेला आहे. सांख्य सांगून झाले, कर्माचे मर्म सांगून झाले, विश्वरूप दाखवून झाले, आणि सर्व गुह्यांतले जे शेवटचे गुह्य तेही जवळ घेऊन सांगून झाले. आता घोड्यांचे लगाम उचलावे एवढेच काय ते उरले. तेथे भगवंत थांबतात आणि अर्जुनाला विचारतात की, बाबा रे, हे सगळे तू एकचित्ताने ऐकलेस ना? तुझा तो मोह गेला ना?

पारायणाला बसलेली मंडळी ह्या बहात्तराव्या श्लोकाशी फारशी रेंगाळत नाहीत. समाप्ती जवळ आलेली असते, स्वयंपाकघरातून प्रसादाचा वास येत असतो. पण आमची माउली येथे थांबली आहे. ह्या श्लोकावर ज्ञानोबाराय भगवंतांच्या तोंडी जो भाव घालतात तो मोठा विलक्षण आहे. देव म्हणतात, आमच्याजवळचा ऐवज आम्ही तुझ्या कानांकडे सोपवला. त्या कानांनी तो जसाच्या तसा मनाच्या घरी नेऊन उतरवला, की मधल्या वाटेतच तो सांडला? का कोणी तो बेपर्वाईने टाकूनच दिला?

सर्वांच्या हृदयात बसलेला तो. अर्जुनाला काय कळले नि काय नाही, हे त्याला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? तरी विचारले. कारण तोंडातून शब्द बाहेर पडला म्हणजे सांगणाऱ्याचे काम संपत नाही. तो ऐकणाऱ्याच्या चित्तात जाऊन बसला की नाही हे पाहावे लागते. आणि अर्जुनाचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. तो नुसती मान डोलावीत नाही. मोह गेला, हरवलेली आठवण परत आली, संशय उरला नाही, आता तू सांगशील ते करीन, असे तो स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. गुरूने विचारावे आणि शिष्याने आपल्या तोंडाने परत सांगावे, तेव्हा कोठे संवाद पुरा होतो.

सज्जनहो, हे प्रमेय आज निरूपणास घेण्याचे कारण एक इस्पितळ आहे.

आमच्या दिंडीतील एक विणेकरी आहेत. वय अडुसष्ट. एकतीस आषाढ्या पायी केलेल्या. शेत, गाय, विठोबा यांपलीकडे प्रपंच नाही. सन २०२४ च्या चैत्रात रामनवमीच्या कीर्तनात उभे राहता राहता त्यांस दम लागू लागला. रात्री आडवे झाले की धाप लागे, म्हणून भिंतीला टेकून बसत. पायांवर बोट दाबले की खड्डा पडे. तालुक्याच्या दवाखान्याने चिठ्ठी दिली की शहरात मोठ्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या इस्पितळाचे नाव येथे घालीत नाही. त्याची जरुरीही नाही, कारण जे तेथे घडले ते आज पुष्कळ ठिकाणी घडते.

रात्रीच्या एस.टी.ने निघून सकाळी सातला रांगेत उभे राहिलो. विणेकरी, त्यांचा मुलगा आणि आम्ही. केस पेपर निघाला, चौसष्टावा नंबर लागला. प्रथम पट्टी काढावयाची, म्हणजे ई.सी.जी. तेथील मुलगा घाईत होता. "बाबा, शर्ट काढा. ते गळ्यातलं पण काढा." गळ्यातले म्हणजे तुळशीची माळ! विणेकऱ्यांनी माळेवर हात ठेवला तो निघेना. मुलगा म्हणाला, "अहो काढा लवकर, मागं माणसं आहेत." हे म्हणाले, "लेकरा, ती जिवाबरोबरच निघायची." झाले, दोघेही हट्टास पेटले. त्या पोराचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या लेखी ती गळ्यातली एक दोरी. ह्यांच्या लेखी गुरूंनी घातलेला देवाचा हात. दोघे एकच शब्द बोलत होते आणि दोन निराळ्या गावांत उभे होते. इतक्यात एक परिचारिका आली. तिने पाहिले, हसली, आणि म्हणाली, "माउली, माळ नुसती पाठीकडं सरकवा, छातीवर चिमटे लावायला जागा झाली की पुरे." पाव मिनिटाचे काम. पट्टी निघाली. त्या ताईने तेथे कोठलेही शास्त्र सांगितले नाही. समोरच्याला काय जपायचे आहे तेवढे ओळखले, आणि आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगितले.

पुढे इको झाला. अंधाऱ्या खोलीत छातीवर थंडगार मलम लावून पडद्यावर आपले हृदय हलताना दिसते, ते पाहून विणेकरी हरखले होते. "आत बसलेला दिसतो का हो?" असे त्यांनी विचारलेही. उत्तर मिळाले नाही. काय दिसले हेही कोणी सांगितले नाही. इंग्रजीत टंकलेला कागद हातात पडला.

दुपारी एकच्या पुढे नाव पुकारले. आत रुग्ण आणि एक माणूस एवढेच सोडीत, म्हणून मुलगा गेला, आम्ही बाकावर राहिलो. तीन मिनिटांत दोघे बाहेर आले. मुलाचा चेहरा सुटलेला, बापाचा काळा पडलेला. आम्ही मुलाला विचारले, काय म्हणाले? तो म्हणाला, "फार काही नाही, गोळ्यांवर राहील म्हणाले." बापाला विचारले. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हार्ट फेल झालंय. चाळीस टक्केच राहिलंय. चालायचं बंद." एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच माणसाच्या तोंडून ऐकून दोघे हे दोन अर्थ घेऊन आले होते!

डॉक्टर नेमके काय म्हणाले असतील हे पुढे मुलाकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. "आजोबा, हार्ट फेल्युअर आहे. ईएफ चाळीस आहे. पाणी दीड लिटर, मीठ कमी, चालणं जरा जपून. गोळ्या चालू ठेवा. महिन्यानं या." बोलताना दृष्टी संगणकाच्या पडद्यावर. विणेकऱ्यांना विचारावयाची होती एकच गोष्ट. "साहेब, एक विचारायचं होतं, आषाढीला..." एवढे शब्द बाहेर पडले तोच पुढचे नाव पुकारले गेले.

आता ह्या एका वाक्यातील शब्द वाटेत कसे सांडले ते पाहा. आमच्या मराठीत 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला. गावात कोणाचे अकस्मात निधन झाले की आपण हेच म्हणतो. वैद्यकशास्त्रात मात्र त्या शब्दाचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदय थकले आहे, शरीराला हवे तेवढे रक्त पुढे लोटण्यास ते कमी पडते आहे, म्हणून पाणी फुप्फुसांत आणि पायांत साठते, एवढा अर्थ. औषधांनी पुष्कळांना आराम पडतो, वर्षानुवर्षे माणसे नीट राहतात. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, विणेकऱ्यांनी मरणाची बातमी ऐकली.

तसेच ते चाळीस. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या मुख्य कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकले जाते त्याचे प्रमाण. निरोगी माणसाचेही हे शंभर नसते, साधारण पंचावन्न ते सत्तर असते. कप्पा कधी पुरता रिकामा होतच नाही. म्हणजे चाळीस हे कमी खरे, पण 'शंभरातले साठ मेले' असा त्याचा हिशेब नव्हे. 'धडधाकट माणसाचंसुद्धा साठच असतं हो बाबा,' एवढे एक वाक्य कोणी बोलते तर!

त्याच बाकावर शेजारी एक गृहस्थ होते. त्यांची पट्ट्यावर चालविण्याची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली होती, आणि ते घरी फोन करून सांगत होते की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता काळजी नाही. त्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे दोष असल्याचा संशय, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. हसावे की रडावे?

घरी आल्यावर विणेकऱ्यांनी लेकींना बोलावून घेतले. सातबाऱ्याची गोष्ट काढली. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी असे सुचवू लागले. हरिपाठाला बसत, पण आवाज निघत नसे. मरणाचे भय वारकऱ्याला नसावे हे आम्ही कीर्तनात सांगतो आणि ते खरेही आहे. पण त्यांस मरणाचे भय नव्हते. ह्या वर्षीची वारी चुकणार, आणि ती का चुकणार हे विचारताही आले नाही, हे त्यांना खात होते. न विचारलेला प्रश्न माणसाला आतून पोखरतो.

आणि दुसरीकडे औषधांचे काय झाले? गोळ्या 'जेवणानंतर' घ्या असे सांगितले होते. चैत्र वद्य एकादशी आली. जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कोठून? त्या दिवशी एकही घेतली नाही. मीठ कमी सांगितले होते, ते त्यांनी नेमाने कमी केले. आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत, बटाट्याच्या भाजीत सैंधव घातले, कारण सैंधव उपासाचे, ते काही मीठ नव्हे! माउली हो, सैंधव हेही मीठच. त्यात जे मुख्य द्रव्य तेच आपल्या रोजच्या मिठात. देवाला चालते म्हणून थकलेल्या हृदयाला चालते असे नाही. पाणी दीड लिटर मोजून प्याले, पण ताक, चहा, दूध, आमटी ही त्यात धरलीच नाहीत, कारण ती 'पाणी' नव्हेत. लघवीची गोळी रात्री घेत, म्हणून रात्रभर उठबस. आणि 'गोळ्या चालू ठेवा' ह्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की आहेत तोवर चालू ठेवा. पंधरा दिवसांच्या आणलेल्या होत्या. त्या संपल्या, पायांची सूजही उतरली होती, कोर्स पुरा झाला. वैशाखाच्या आरंभी पुन्हा भिंतीला टेकून बसण्याची पाळी आली.

ह्यात विणेकऱ्यांनी अवज्ञा कोठे केली, सांगा बरे! सांगितलेले प्रत्येक अक्षर त्यांनी पाळले. अक्षरे पोचली होती, अर्थ पोचला नव्हता.

आता तिसरा अध्याय आठवा. तेथे अर्जुन देवाकडे तक्रार करतो की तू मिसळून बोलतोस, मला नेमके एक काय ते सांग. ह्या ठिकाणी ज्ञानोबारायांनी अर्जुनाच्या तोंडी दृष्टांत घातला आहे तो नेमका वैद्याचाच. वैद्याने आधी पथ्य सांगावे आणि मग आपणच विष घालावे, तर रोग्याने जगावे कसे, असे तो विचारतो. आणि पुढे म्हणतो, रोग हटवावयाचा तर औषध दिलेच पाहिजे. पण ते घेणाऱ्याला गोड लागेल असे असावे. त्याचप्रमाणे तत्त्व पुरते सांगावे, काही राखून ठेवू नये, पण माझ्या चित्ताला कळेल अशा रीतीने सांगावे. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला हे बोलले गेले! रुग्णाची मागणी याहून वेगळी काय असते? खोटे सांगा असे तो म्हणत नाही. थोडे सांगा असेही म्हणत नाही. सगळे सांगा, खरे सांगा, पण मला कळेल असे सांगा. ज्या माउलीने गीता संस्कृताच्या गाभाऱ्यातून काढून मराठीच्या ओसरीवर आणली, तिच्या लेकरांना स्वतःच्या हृदयाची हकीकत मात्र परक्या भाषेच्या कागदावर मिळावी, हे काही शोभत नाही.

आणि तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना माउली त्या पुरुषाच्या बोलण्याचे वर्णन करतात. त्याच्या बोलण्यात अक्षरांच्या पुढे ओलावा चालतो, शब्द मागून येतो. अहिंसेच्या प्रकरणात वाणी कशाला, असे कोणास वाटेल. पण बोलण्यानेही हिंसा होते, आणि न बोलण्यानेही होते. विणेकऱ्यांचे ते दिवस आठवले म्हणजे हे पटते.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, आणि आमच्यातील काही मंडळींना ते आवडतेही. आम्हांस तो मार्ग मान्य नाही. त्या दिवशी त्या दारासमोर शंभरावर माणसे होती, आत एक माणूस. २०१७ साली सदुसष्ट देशांतील डॉक्टर व रुग्ण यांच्या पहिल्या पायरीवरील भेटींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बांगलादेशात सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे असे आढळले. आपल्या देशाचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत वैद्याने काय ऐकावे नि काय सांगावे? पण सगळा दोष वेळेवर टाकूनही चालत नाही. अमेरिकेत भरपूर वेळ आहे असे आपण समजतो. तेथे १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल ह्या दोघांनी चौऱ्याहत्तर भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. तर रुग्णाने बोलावयास सुरुवात केल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्ये तोडलेले आढळले. अठरा सेकंदांत आमच्या कीर्तनकाराचा उपरण्याचा पदरसुद्धा नीट होत नाही! ती परिचारिका तरी कोठे रिकामी होती? तिने पाव मिनिटात काम केले.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या वैद्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. तेथून ती नळी निघाली, जी आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असते. ऐकण्यासाठीच ती जन्मली. वारकऱ्याच्या गळ्यातील माळ जशी त्याला त्याच्या व्रताची आठवण देते, तशी ती नळी डॉक्टरांना द्यावी, एवढेच मागणे आहे.

कायदाही आता ह्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, उपचार कोणता, त्याचा लाभ काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे पुरेसे सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. आणि तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. गीतेत तर हे आधीच आहे. सर्व सांगून झाल्यावर देव म्हणतात, ह्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. देवाने अर्जुनाची संमती मागितली. मग माणसाने माणसाची मागावी ह्यात कमीपणा कसला?

आता थोडे आपल्याकडेही पाहू. आपली मान हलण्याची खोड मोठी आहे. डॉक्टरांनी "कळलं का?" म्हटले की आपली मान आधी हलते, मन मागे राहते. कीर्तनात आम्हांस ह्याचा रोजचा अनुभव आहे. समोरची मान डोलते म्हणून अर्थ कळला असे समजणारा कीर्तनकार कच्चा. मोठ्या माणसापुढे उलट विचारू नये असे आपल्याला वळण आहे. पण अर्जुनाने विचारले नसते तर गीताच झाली नसती! विचारणे हा उद्धटपणा नव्हे, श्रद्धेचेच ते एक अंग आहे. आणि सांगणेही आपलेच काम. मी एकादशी करतो, मी तंबाखू खातो, मी अमक्या वैद्याचा काढाही घेतो, पायी वारी करतो, हे वैद्यापासून लपवू नये. डॉक्टर अंतर्यामी नाहीत.

एकादशीच्या गोळीविषयी काही माळकऱ्यांच्या मनात किंतु असतो, तो येथेच काढून टाकू. व्रताचा भंग ज्यांनी होत नाही अशा आठ गोष्टी महाभारतात सांगितल्या आहेत. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन, आणि आठवे औषध. ह्याउपर काय पाहिजे? एकादशीला गोळी कशाबरोबर घ्यावी हे डॉक्टरांना विचारून घ्या. पण ती व्रताच्या नावाने चुकवू नका. विठोबाला तुमचा उपास हवा आहे, तुमची धाप नको आहे.

वैशाखात विणेकऱ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. तेथेही गर्दी होती. त्यांनी प्रथम विचारले, "बाबा, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" विणेकरी म्हणाले, "हार्ट फेल." बाईंनी कागदावर विहीर काढली, मोटार काढली, पाइप काढला. "तुमची मोटार बंद पडलेली नाही, जोर कमी झालाय. पाणी पुढं जात नाही, म्हणून मागं साचतंय, पायात नि छातीत. ही गोळी साचलेलं काढते, ती सकाळी. ही मोटारीवरचा भार कमी करते, ती कायमची. संपली की नवी आणायची, मी सांगेपर्यंत." मग एकादशीचे त्यांनी स्वतः विचारले, तेव्हा सैंधवाचे प्रकरण बाहेर आले. रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा रात्री आडवे होता येईना तर त्याच दिवशी या, असे सांगितले. आणि शेवटी काय म्हणाल्या? "आता घरी गेल्यावर आजीला काय सांगणार, ते मला सांगा बघू." विणेकऱ्यांनी सगळे परत सांगितले. दोन ठिकाणी चुकले, बाईंनी ती दोन पुन्हा सांगितली. आम्ही बाजूला उभे राहून ऐकत होतो. ह्या लेकीने बहात्तरावा श्लोक वाचला होता की नाही ते ठाऊक नाही. आचरला मात्र खरा.

वारीचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "हे मोठ्या डॉक्टरांनाच विचारा, पण लिहून न्या. पहिलंच वाक्य ते."

ज्येष्ठात पुन्हा त्याच इस्पितळात, त्याच डॉक्टरांकडे. ह्या वेळी नातीने वहीच्या पानावर तीन ओळी लिहून दिल्या होत्या. वारीला जाता येईल का; गोळ्या किती दिवस; कोणत्या त्रासाला तातडीने यावे. विणेकऱ्यांनी आत जाताच तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. मुलाने सांगितले की डॉक्टरांनी तो वाचला, पडद्यावरची नजर काढली, आणि खुर्ची फिरवून विचारले, "किती वर्षं करताय वारी?" तेच डॉक्टर, तीच खोली, तीच गर्दी. उत्तर गोड नव्हते. पूर्ण पायी नाही. दिवेघाट मुळीच नाही. सपाट रस्त्याला, सकाळच्या गारव्यात, अभंग म्हणता म्हणता चालता येईल तेवढेच. म्हणताना दम तुटू लागला की गाडीत बसायचे. ते ऐकून विणेकरी बाहेर आले, डोळ्यांना पाणी होते. पण म्हणाले, "आता कळलं. आता चालंल." वारी तुटण्याचे दुःख होते, पण त्या रात्री ते भिंतीला न टेकता झोपले.

दिंडीचालकांस आमची विनंती आहे. अठरा-वीस दिवसांच्या वाटेत गोळ्या संपतात, कागद भिजतात, आणि विचारले तर म्हातारी माणसे 'एक पांढरी, एक लाल' एवढेच सांगतात. प्रस्थानापूर्वी प्रत्येक औषधवाल्या वारकऱ्याकडून गोळ्यांची नावे, वेळा आणि घरचा फोन मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. एक प्रत त्याच्या पिशवीत, एक दिंडीच्या ट्रकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. इस्पितळातील कागदपत्रांची प्रत मागितल्यास ती बहात्तर तासांत द्यावी असा डॉक्टरांना २००२ पासूनचा नियम आहे, तेव्हा मागण्यास संकोच करू नये. आणि म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्याने बाहेर आल्याबरोबर, रस्त्यावरच, दोघांनी काय ऐकले ते एकमेकांना सांगून पाहावे. जुळले नाही तर परत आत जावे. आमच्या दिंडीच्या ट्रकमध्ये त्या आषाढीस असे सतरा कागद होते. सासवडच्या मुक्कामापर्यंत विणेकरी त्या ट्रकमध्येच, पुढच्या बाजूस, वीणा मांडीवर घेऊन बसलेले होते; पहिला कागद त्यांचा.